दारातल्या फरशीचे सात तुकडे

मित्रांनो, मी एक जुनी फरशी आहे, असं सांगून सुरुवात करायला मला आवडलं असतं. पण आता तसं म्हणता येत नाही. मी एका फरशीचे सात तुकडे आहे. त्यांतले पाच एका पोत्यात आहेत, एकाचा भुगा झाला आणि एक दुसरीकडे आहे. प्रत्येकाला थोडं थोडं आठवतं. त्यामुळे माझी गोष्ट मध्येच तुटेल. तुटली तरी थांबू नका. पुढचा तुकडा तिथूनच उचलेल.

सगळ्यात मोठा तुकडा

मी आधी माती होते. पांढरी माती, वाळू आणि दगडाची पूड एकत्र करून मला साच्यात दाबलं. मग भट्टीत घातलं. भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी कडक झाले होते, पण आंधळी होते. नंतर फिरत्या चाकांखाली पाणी सोडून मला घासलं. इतकं घासलं, इतकं घासलं की शेवटी मला दिसायला लागलं.

पहिल्यांदा दिसलं ते कारखान्याचं पत्र्याचं छप्पर. मग वाकून बघणाऱ्या एका बाईचा चेहरा. ती माल तपासत होती. तिने माझ्याकडे पाहून केस सारखे केले आणि मला पुढे ढकललं.

मित्रांनो, चकचकीत फरशीबद्दलची एक गोष्ट मोठी माणसं तुम्हाला सांगत नाहीत. तुम्ही तिच्यावर उभे राहता, तेव्हा तुमच्या तळव्याला तळवा लावून खाली आणखी एक जण उभा असतो. तुम्ही पाऊल उचललं की तोही उचलतो. लोक त्याला प्रतिबिंब म्हणतात आणि आपल्या कामाला जातात. मी त्यांना खालची माणसं म्हणते. फरशी कोरडी असते तोवर ती वेळेवर पाऊल उचलतात. फरशी ओली झाली की

लांबट तुकडा

उचलत नाहीत. किंवा आधीच उचलतात. हे मी स्वतः पाहिलं आहे.

पण आधी दुकानाचं सांगते. दुकानात आम्ही साठ जणी होतो, लाकडी फळ्यांवर तिरक्या उभ्या केलेल्या. वर पिवळे दिवे होते. पिवळ्या दिव्याखाली कोणतीही फरशी देखणीच दिसते. एक दिवस एक मालक आले. त्यांची चार मजली इमारत बांधून होत आली होती. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर त्यांच्या थोरल्या बहिणीचा डोळ्यांचा दवाखाना, वर कचेऱ्या. दारात आणि खालच्या सगळ्या मजल्यावर कोणती फरशी घालायची ते ठरवायचं होतं. त्यांनी दोन नमुने उचलले. एक मी, आणि दुसरी एक खरखरीत राखाडी, जिच्यात काहीच दिसत नव्हतं.

इमारतीच्या दारात, उघड्या काँक्रीटवर, आम्हा दोघींना शेजारी शेजारी ठेवलं. मालक कोरड्या बुटांनी माझ्यावर उभे राहिले आणि खाली बघून हसले.

“ही बघ, ताई. आत शिरणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण कुठेतरी आलो.”

“माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना धड दिसत नाही, रे,” डॉक्टर ताई म्हणाल्या. “त्यांना कुठेतरी येण्यापेक्षा नीट उभं राहता आलं तरी पुरे.”

“झालं तुझं सुरू.”

“राखाडीत काय वाईट आहे?”

“ती गोदामातली वाटते. माणूस आत येऊन पोती शोधायला लागेल.”

फरशी बसवणारे मिस्त्री तिथेच गुडघ्यांना रबरी पट्टे बांधून बसले होते. बोलताना समोर जे असेल त्याच्यावर बोटाने टकटक करायची त्यांना सवय होती. त्यांची एक पद्धत होती. मालकाने काहीही पसंत करो, ते नमुन्यावर मगभर पाणी ओतत. मग चपला काढून, डोळे मिटून, एका पायावर उभे राहून टाच फिरवत. राखाडीवर त्यांनी पुरी गिरकी घेतली. माझ्यावर टाच टेकताच पाय सटकला. भिंत जवळ होती म्हणून वाचले.

“मिस्त्री, नाच झाला असेल तर ठरवू या का?” मालक म्हणाले.

“नाच मी नाही केला साहेब, हिनं करवला.”

मग त्यांनी मला पालथं केलं, बाहीने पाठ पुसली आणि खिशातून जाड काळं पेन काढलं. फरशीच्या तोंडावर कधी लिहायचं नाही, खरं काय ते पाठीवर, असं ते म्हणत. त्यांनी लिहिलं: ओल्यावर घसरते. आत चालेल. दारात नको.

मालकांनी ते मोठ्याने वाचलं. “अहो, ओल्यावर साबणही घसरतो. म्हणून काय अंघोळ सोडायची?” आणि त्याच पेनाने खाली ‘मंजूर’ लिहून सही ठोकली. मोठी, शेपटी असलेली सही. तशी रीतच होती. पसंत केलेल्या नमुन्याच्या पाठीवर सही करायची आणि काम संपेपर्यंत तो जपून ठेवायचा. म्हणजे नंतर कोणी असं म्हणायला नको, की मी हे मागितलंच नव्हतं.

एका व्यक्तीला मात्र कोणी काही विचारलं नाही. ती तिथेच झाडू मारत होती. या इमारतीची साफसफाई करणाऱ्या मावशी. रोज दोनदा मला त्याच पुसणार होत्या. सिमेंटची धूळ लोटत त्या माझ्यापाशी आल्या, पाऊल टाकलं आणि झटकन मागे घेतलं.

“बाई गं! हिच्यावर उभं राहिलं की खालून कोणी पाय धरल्यासारखं वाटतं.”

“मावशी, त्या खाली तुम्हीच आहात,” मालक हसले.

“असेन,” मावशी म्हणाल्या. “पण मी तिला बोलावलं नव्हतं.”

त्रिकोणी तुकडा

माझ्यासारख्याच शेकडो जणी खोक्यांतून आल्या आणि मिस्त्रींनी त्या ओळीने बसवल्या. मी भिंतीला टेकून बघत होते. शेवटच्या दिवशी दाराच्या मधोमध बसवायची एक फरशी हातातून निसटून फुटली. खोक्यांत एकही उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारत उघडायची होती.

“हा नमुना आहे की. बसवा,” मालक म्हणाले.

“सही केलेला नमुना बसवत नाहीत, साहेब. तो साक्षीला ठेवायचा असतो.”

“साक्ष कशाला? इथे काय खून झालाय?”

त्यांनी मला उचललं. एरवी ते फरशीच्या पाठीवर सगळीकडे सिमेंटचा मसाला पसरवत. पोकळ राहिलेली फरशी त्यांना खपत नसे. काम झालं की बोटाने वाजवून बघत. भरलेली फरशी ‘टक’ म्हणते, पोकळ असेल तर ‘ढब’. मला बसवताना मात्र त्यांनी फक्त कडेकडेने मसाला लावला. जिथे लिहिलं होतं, तिथे एक थेंबही लागू दिला नाही.

“पोकळ बसवतोय तुला,” ते माझ्यावर वाकून पुटपुटले. “रागावू नकोस.”

मग माझं तोंड उजेडात राहिलं आणि पाठ अंधारात. खरं काय ते खाली होतं आणि त्याच्यावरून माणसं चालत होती.

दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. लोक आत शिरताना चाल बदलत, पोट आत घेत. मुलं गुडघ्यांवर बसून माझ्यात जीभ काढून बघत. त्यांतल्या एका मुलीने मात्र जीभ लवकर आत घेतली आणि ती आईला जाऊन चिकटली. खालच्या मुलीची जीभ अजून बाहेरच होती.

मावशींनी मला कधी पाठ दाखवली नाही. त्या दारातली जागा अर्धी अर्धी पुसत. एक अर्धी ओली असेल, तर मध्ये स्टूल आडवं टाकून शेजारी उकिडव्या बसत आणि येणाऱ्याला कोरड्या बाजूने पाठवत. मग दुसऱ्या फडक्याने कोरडं करत. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एकदा दुकानदाराने विचारलं, “मावशी, राखण कोणाची करताय? सोनं पुरलंय का?”

“तुमचीच करतेय,” मावशी म्हणाल्या. “जा आता, तिकडून.”

कोपऱ्याचा तुकडा

डोळ्यांना पट्टी बांधलेल्या माणसांना जास्त ऐकू येतं. ‘टक, टक, टक’ असं चालत ती माझ्यापर्यंत येत आणि ‘ढब’ झालं की थबकत. त्यांत एक आजोबा होते. एका डोळ्यावर पट्टी, हातात काठी, दुसऱ्या हाताला मुलगी. ते दर वेळी माझ्यावर थांबत आणि काठी आपटत.

“खाली कोण आहे?”

“बाबा, चला ना. फरशी पोकळ आहे, एवढंच.”

“पोकळ आहे म्हणूनच विचारतोय. भरलेल्या जागी कोण राहणार?”

मुलगी हसत असे. आजोबा हसत नसत. ते मान कलती करून उत्तराची वाट बघत. मला बोलता आलं असतं, तर माझ्या पाठीवर काय आहे ते मी त्यांना वाचून दाखवलं असतं.

त्या दिवशी सकाळपासून झिमझिम पाऊस होता. दवाखान्यात गर्दी होती. येणारा प्रत्येक जण दारातच छत्री मिटत होता आणि पाणी माझ्यावर गळत होतं. मावशींनी तीनदा पुसलं. चौथ्या वेळी फडकी पिळूनही ओलीच राहिली, म्हणून त्यांनी स्टूल आडवं टाकलं आणि त्या कोरडं फडकं आणायला जिन्याखाली गेल्या. तेवढ्यात घाईत असलेल्या कोणीतरी पायाने स्टूल सरकवलं.

आजोबा जिना उतरून आले. मुलगी मागे औषधाची चिठ्ठी घडी करत होती. आजोबा माझ्यावर आले. वरच्या आजोबांच्या डोळ्यावर पट्टी होती. खालच्या आजोबांच्या डोळ्यावर नव्हती. ते दोन्ही डोळ्यांनी वर बघत होते. वरच्या आजोबांनी काठी उचलली आणि नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. खालच्या आजोबांनी, अजून वेळ झाली नसताना, पाऊल

भुगा झालेला तुकडा

.

बोटाएवढा तुकडा

आजोबांना चौघांनी उचलून नेलं. कमरेचं हाड मोडलं होतं. ते वाचले, पण पुन्हा जिना चढले नाहीत.

काठी माझ्यावर आडवी पडून होती. मालक धावत आले. त्यांनी आधी दार पाहिलं, मग माझ्यावरचं पाणी, मग फडकं घेऊन उभ्या असलेल्या मावशी.

“हे पाणी कोणी ठेवलं?”

“छत्र्यांचं आहे, साहेब. मी कोरडं फडकं आणायला...”

“म्हणजे तुम्ही जागेवर नव्हतात.”

“स्टूल टाकून गेले होते.”

“कुठंय स्टूल?”

स्टूल भिंतीपाशी होतं. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे,” त्या हळू म्हणाल्या, “आजोबा माझ्यामुळे पडले?”

“मग कोणामुळे?”

त्याच दुपारी त्यांना काढलं. तो प्रश्न त्यांनी सोबत नेला. पुढे आसपासच्या दोन इमारतींत त्या काम मागायला गेल्या, तेव्हा दोन्हीकडे एकच ऐकलं: “आजोबा पडले ते तुमच्याच हातून ना?” मावशी ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. मित्रांनो, एकच गोष्ट दहा जण बोलले की अकरावे आपणच असतो.

मग महिनाभराने मिस्त्री आले. माझ्या ‘ढब’ आवाजाला रुग्ण बिचकतात, म्हणून ताईंनीच त्यांना बोलावलं होतं. भरदुपार होती. दारातून ऊन आत आलं होतं.

“मावशींना सांगा, धूळ होईल,” मिस्त्री हत्यारं काढत म्हणाले.

“मावशी नाहीत आता.” आणि ताईंनी सगळं सांगितलं.

मिस्त्रींचा हात तसाच राहिला. मग त्यांनी मला वाजवलं. ढब. पुन्हा वाजवलं. ढब. “ताई, साहेबांना खाली बोलवा. त्यांच्यासमोरच फोडतो.”

मालक आले. मिस्त्रींनी छिन्नी माझ्या मधोमध टेकवली आणि हातोडा उचलला. मला भीती वाटली नाही. दोन वर्षं मी याचीच वाट बघत होते. घाव बसला. मी एकीची सात झाले आणि मिस्त्रींनी एकेक तुकडा पालथा केला.

ताई खाली बसून वाचू लागल्या. “ओल्यावर घसरते. आत चालेल. दारात...”

पुढचा शब्द माझ्यावर होता. मिस्त्रींनी मला उचलून जागेवर लावलं.

“...नको,” ताईंनी वाचलं.

तेवढ्यात मालक खाली वाकले. “कोणाच्या तरी पायाला लागेल,” असं म्हणून त्यांनी एक तुकडा उचलला आणि खिशात घातला.

“त्या तुकड्यावर सही होती,” मिस्त्री म्हणाले.

“कसली सही? तुम्हीच काल लिहून आणलं असेल.”

“ही दोन वर्षं उताणी चिकटलेली आहे, साहेब. काल तिच्या पाठीवर कोण लिहील?”

“दाखव खिसा,” ताई म्हणाल्या. लहानपणी म्हणत असतील, तशा.

मालक वळले आणि निघून गेले. फरशीवरून जाताना त्यांनी भिंतीला हात टेकला होता. पहिल्यांदाच.

सहीचा तुकडा

आता मी सांगते. मी खिशात होते.

खिशात अंधार असतो, पण फरशीखालच्यासारखा शांत नसतो. मालक कपडे बदलत, तेव्हा मला एका खिशातून काढून दुसऱ्यात घालत. फेकून का देत नाहीत, ते त्यांनाही कळत नव्हतं. एकदा कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले, झाकण उघडलं, आणि मला पुन्हा खिशात ठेवून परत आले.

इमारतीत ते आता मागच्या दाराने जात. समोरच्या दारात मी होते तिथे चौकोनी खड्डा होता आणि भोवती माझ्या बहिणी होत्या. त्यांच्यावरून एकदाच ते गेले. बहिणींनी मला नंतर सांगितलं: वरच्या मालकांचे दोन्ही हात फायलीवर होते. खालच्या मालकांचा उजवा हात खिशात होता.

मी त्यांना म्हटलं, मला माहीत आहे. कारण त्यानंतर तिसऱ्या दिवशी गाडीत मालकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तरीही खिशात कोणीतरी मला घट्ट धरून होतं. बोटं गार होती. अंगठा सहीवरून फिरत होता, शेपटीपर्यंत जात होता आणि परत येत होता. मालकांनाही ते कळलं असावं. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि तिथूनच मावशींच्या घराकडे वळवली.

मावशींची एकच खोली होती. खाली साधं सिमेंटचं कोबाकाम, खडबडीत, कुठे कुठे खरवडलेलं. मालकांनी दारात बूट काढले. अनवाणी आत आले आणि त्यांनी खाली पाहिलं. खाली कोणी नव्हतं. त्यांचा श्वास मला खिशातून ऐकू आला.

मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “बसा,” म्हणाल्या. उठल्या नाहीत.

मालकांनी मला बाहेर काढून जमिनीवर ठेवलं. चकचकीत बाजू वर. क्षणभर वाकलेला त्यांचा चेहरा माझ्यात पडला. मग त्यांनी मला पालथं केलं.

“ही माझी सही आहे. मिस्त्रींनी ‘नको’ लिहिलं होतं. मी वाचलं होतं.”

“सही मला कशाला दाखवता? तोंडानं बोला.”

“आजोबा तुमच्यामुळे पडले नाहीत.”

“मग कोणामुळे?”

बाहेर कोणीतरी बादली भरत होतं. ती भरली, उचलली गेली, तेव्हा ते म्हणाले, “माझ्यामुळे.”

मावशींनी हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली. “हे इथे मला सांगून काय उपयोग? मला तर तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात. आता हेही त्याच दारात बोला. आजोबांच्या मुलीला बोलवा, त्या दोन इमारतींतल्या लोकांना बोलवा. आणि दारातली ती सगळी फरशी काढा. मग बघू, यायचं की नाही.”

“परवा सकाळी सांगतो.”

“परवा का? उद्या काय आहे?”

“उद्या सांगतो,” मालक म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. आजोबांची मुलगी आली होती. पोत्यातल्या माझ्या पाच तुकड्यांनी ते ऐकलं. ते आता ताईंच्या दवाखान्याच्या माळ्यावर असतात. दारात राखाडी फरशी बसली. मावशी आल्या, त्यांनी बादलीतलं पाणी सगळ्यांदेखत तिच्यावर ओतलं, अनवाणी उभ्या राहिल्या आणि टाच फिरवून बघितली. मग पदर खोचून कामाला लागल्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कधीतरी एखाद्या दुकानाची, शाळेची, दवाखान्याची फरशी निवडायची पाळी तुमच्यावर येईल. पिवळ्या दिव्याखाली कोरड्या बुटांनी ती निवडू नका. नमुना दारात ठेवा, पाणी ओता, डोळे मिटून उभे राहा. तुम्हाला काय आवडतं ते शेवटी विचारात घ्या. जी बाई ती रोज वाकून पुसणार आहे, तिला सगळ्यांत आधी विचारा. आणि तिने पाऊल मागे घेतलं तर हसू नका.

मी आता मावशींच्या खिडकीत असते. पालथी, सही वर करून. त्या मला रोज पुसतात, पण कधी उलटत नाहीत. त्या दिवशी या खोलीत मालक माझ्यावरून उठले, तेव्हा त्यांचा माझ्यातला चेहरा उठला नाही. तो अजून आत आहे आणि बाहेर कोण आलं आहे, ते ऐकतो.